हललेला फोटो

आमगाव
३ नोव्हेंबर १९५७

उदेभान दादा,

नमस्कार. खुशाली विचारत नाही. सहा वर्षं विचारतोय आणि तू उत्तर देत नाहीस, तेव्हा ती चांगलीच असणार. खरगपूरच्या रेल्वे क्वार्टरात पोस्टमन फिरकत नाही असं तर नसेल.

मायला धाप लागते. परवा डॉक्टर घरी येऊन गेले. तिच्यासमोर म्हणाले, थंडी सरली की बरं वाटेल. मग मला बाहेर घेऊन म्हणाले, मास्तर, पुढच्या पावसाळ्याची मी खात्री देत नाही. मायनं ते ऐकलं नाही, पण माझं तोंड पाहिलं असणार. रात्री जेवताना म्हणाली, "उदेभानले बलाव."

मी म्हटलं, बोलावून बोलावून माझी दौत आटली.

"त्याले कागद नोको धाडू आता. कागद खोटा बोलते. माहा चेहरा धाड. फोटूत माणूस खोटा नाही बोलत."

तू आमच्या कागदावर विश्वास का ठेवत नाहीस, हे तुला मी सांगायला नको. तरी लिहितो, कारण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलं नाहीस. तेव्हा मी भंडाऱ्याला मास्तरकीचं शिकत होतो आणि सगळं झाल्यावर घरी आलो.

विहिरीवर मायच्या डोक्यावर कावळा बसला. मनिराम काकाजींनी रीतीप्रमाणे सगळीकडे माय वारल्याचे निरोप धाडले. माणसं रडली की अरिष्ट टळतं, दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं, गूळ वाटायचा. देवरीची आत्या रडली आणि दुसऱ्या दिवशी हसलीही. पण खरगपूर म्हणजे देवरी नव्हे, हे काकाजींच्या डोक्यात आलंच नाही. त्यांचं पहिलं पत्र तुला मिळालं. दुसरं पोचलं तेव्हा तू गाडीत होतास. तापानं फणफणलेल्या लहानग्या लेकाला, भोजूला, वहिनीच्या हवाली करून, वाटेत डोकं भादरून तू अंगणात येऊन उभा राहिलास, आणि माय सुपात तांदूळ पाखडत बसली होती. तुला पाहून हसली म्हणतात. म्हणाली, "रडला ना रे तू? मंग वाढलं माहं आयुष्य."

दुसऱ्या दिवशी भोजू गेल्याची तार आली. तू एकच वाक्य बोललास, "माह्या पोराचं आयुष्य तुमी हिले देल्लं," आणि गेलास.

दादा, ते वाक्य मायनं खरं मानलंय. तेव्हापासून ती उघड्या आभाळाखाली आलेली नाही. विहीर नाही, बाजार नाही, अंगणसुद्धा नाही. घरात आणि ओसरीच्या वळचणीपर्यंत, बस. म्हणते, कावळ्याला मी दिसले तर त्याला कळेल की मी अजून आहे, आणि तो आणखी कुणाला तरी नेईल. मी शाळेत पोरांना सूर्यमाला शिकवतो आणि घरी हे ऐकतो.

तेव्हा फोटो काढायचा तर घरातच काढावा लागेल. पाहतो काय जमतं ते.

शालीकराम


आमगाव
२४ नोव्हेंबर १९५७

दादा,

गोंदियाचे फोटोवाले खेड्यात यायला तयार आहेत, पण माणूस मेला असेल तरच. जिवंत माणसाने स्टुडिओत यावं, पडद्यावरच्या तळ्यासमोर उभं राहावं, अशी त्यांची रीत. मेलेल्यासाठी ते येतात, त्याला खुर्चीत टेकवून बसवतात आणि त्या एका फोटोचे असे पैसे सांगतात की नाकापेक्षा मोती जड. मी एकाला म्हटलं, माझी आई जिवंत आहे. तो म्हणाला, "तो फिर जल्दी क्या है?" त्याच्या कानाखाली वाजवणार होतो. मास्तर आहे, म्हणून हात आवरला.

मग मनात आलं, जुना कॅमेराच घ्यावा. खरं सांगतो, हे आजच मनात आलं नाही. भंडाऱ्याला असताना एका मास्तरांचा कॅमेरा मी हातात धरला होता, तेव्हापासून ही हाव आहे. मायच्या निमित्तानं माझी हौस भागते आहे असं तुला वाटलं तर वाटू दे, थोडं तसं आहेच.

माझी ऐपत तुला माहीत आहे. सायकल विकली. आता शाळेत पायी जातो आणि पोरं विचारतात, गुरुजी सायकल कुठे गेली? नव्या पैशांचा हिशोब अजून लोकांना जमत नाही, त्यामुळे विकताना थोडा फसलोही.

आतापर्यंत दोन कॅमेरे पाहिले. एक रेल्वेतल्या गार्डसाहेबाचा. ते विलायतेला चालले आहेत, घरातलं सगळं विकून राहिले आहेत. घडीचा कॅमेरा, वरून झकास. मी त्यांच्याच अंगणात डोक्यावर घोंगडं घेतलं, मागचं झाकण उघडून आत डोळा लावला आणि भाता उन्हाकडे धरला. आत चांदणं पडलं होतं! इतकी भोकं. साहेबाची बाई मला घोंगड्यात पाहून हसत होती. दुसरा पेटीचा कॅमेरा मुर्रीच्या एका मालगुजाराच्या नातवाकडे होता. त्याच्या भिंगात बुरशी धरलेली, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यासारखी. नातू म्हणाला, पुसून घ्या. बुरशी पुसली जात नाही हे मला माहीत होतं, त्याला नव्हतं.

माय रोज विचारते, "भेटला का?" मी म्हणतो, बाजारात तुरी आहेत अजून. ती म्हणते, "तुह्या तुरी पिकेपर्यंत मी राहीन का?"

शालीक


आमगाव
२२ डिसेंबर १९५७

दादा,

कॅमेरा मिळाला.

गोंदियात छोटेलाल नावाचा एक फोटोवाला आहे, मोडका माल दुरुस्त करून विकतो. त्यानं मला बाकावर बसवलं, चहा पाजला आणि कपाटाच्या तळातून फडक्यात बांधलेला एक घडीचा कॅमेरा काढला. मी घोंगडं घेतलं. आत काळाकुट्ट अंधार, एक भोक नाही. भिंग स्वच्छ. झडप मात्र अर्धी मेलेली. एक तर ती झटकन उघडते आणि मिटते, म्हणजे भर उन्हातच चालेल, नाहीतर बटण दाबून धरावं तोवर उघडी राहते. मधलं काही नाही. पण किंमत ऐकून मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"इतना सस्ता क्यों?" मी विचारलं.

छोटेलाल म्हणाला, "मास्टरजी, आप से झूठ नहीं बोलूँगा. ये जिसका था, वो गाँव-गाँव मुर्दों की ही फोटो खींचता था. अब वो भी गुज़र गया. पूरे गोंदिया को मालूम है. कोई हाथ नहीं लगाता."

मी हसलो. मोठ्या ऐटीत म्हटलं, मी असलं काही मानत नाही. पण गाडीत तो मांडीवर घेऊन बसलो तेव्हा हात गार पडले होते, ते थंडीनंच असं मी तुला शपथेवर सांगणार नाही. त्या भिंगासमोर किती जण मान टेकवून बसले असतील, असं सारखं मनात येत होतं.

ही बातमी माझ्याआधी आमगावला पोचली. गाडीत कुणीतरी ऐकलं असणार. शेजारच्या अनुसयाबाईंनी आपल्या पोरांना आमच्या दारावरून जायची बंदी केली आहे. मला मायला हे सांगायचंच नव्हतं, पण अनुसयाबाई असताना मी कशाला हवा?

माय कॅमेऱ्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिली. मग हात लावला, भात्याच्या घड्या चाचपल्या.

"मेलेल्याइचा होय?"

"लोक बोलतात, माय. यंत्र आहे ते. त्याला काय कळतं?"

"मंग बरा हाय. मी का जिती हाय? उदेभाननं डोस्कं भादरलं ना माह्या नावानं."

हे तिनं रडून सांगितलं नाही, दादा. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं सांगितलं. मी उठून बाहेर गेलो. मला तुझा इतका राग आला की तू समोर असतास तर मोठा भाऊ वगैरे काही पाहिलं नसतं.

शालीक


आमगाव
१९ जानेवारी १९५८

दादा,

आज फोटो काढला.

अंगणात लख्ख ऊन होतं. मी हात जोडले, पाया पडलो, म्हटलं चार पावलं बाहेर ये, क्षणात होऊन जाईल. तिनं अंगणाकडे पाहिलंसुद्धा नाही. शेवटी ओसरीत, दाराशी, जिथवर उजेड येतो तिथे तिला बसवलं. म्हणजे बटण दाबून धरायची पाळी आली आणि तेवढा वेळ माणूस दगडासारखा बसायला हवा.

कॅमेरा पाटावर, पाट उखळावर, अशी माझी तिकाटणी. तिला सांगितलं, "मी मनात पाढा म्हणीन. माझा पाढा संपेपर्यंत हलायचं नाही. श्वासही हळू."

"श्वास कोठी राह्यला हाय?" ती म्हणाली.

तिनं हिरवं लुगडं नेसलं होतं, तुझ्या लग्नातलं. मांडी घातली, हात मांडीवर ठेवले. मी विचारलं, कुठे पाहशील? म्हणाली, "उदेभान जेथी उभा होता तेथी." अंगणात तू उभा होतास ती जागा तिला पक्की माहीत आहे.

मी बटण दाबलं आणि बेचा पाढा सुरू केला. तिचा चेहरा तसूभर हलला नाही. डोळे मिटले नाहीत. पण पाढा अर्ध्यावर आला तेव्हा मला दिसलं की तिची मांडी हलते आहे. हळूहळू, वरखाली, लेकराला निजवताना हलवतात तशी. हातही त्याबरोबर, थोपटल्यासारखे. मी ओरडलो नाही, ओरडलो असतो तर चेहराही हलला असता. पाढा पुरा केला आणि बटण सोडलं.

"माय, हललीस ना?"

"मी कोठी हलली? दगडावानी त बसून होती."

तिला खरंच माहीत नव्हतं. मी पुन्हा विचारलं नाही. रोलमधले बाकीचे फोटोही काढले, पण तेवढ्यात तिला धाप लागली, मान कलली. चांगला एकच यायचा असेल तर तो पहिलाच.

शालीक


आमगाव
९ फेब्रुवारी १९५८

दादा,

रोल छोटेलालनं धुतला. काल आणायला गेलो. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, "मास्टरजी, चेहरा तो बहुत बढ़िया आया है. बस, गोद में बच्चा हिल गया."

मी म्हटलं, "बच्चा?"

"बच्चे तो हिलते ही हैं. दूसरी खींच लेते." आणि त्यानं फोटो माझ्यासमोर ठेवला.

मी लपवाछपवी करत नाही. जे दिसलं ते लिहितो. चेहरा असा आला आहे की सुरकुती न् सुरकुती मोजून घ्यावी. कपाळावरचं गोंदण दिसतं. आणि मांडीवर, हातांच्या वेढ्यात, काहीतरी पांढुरकं, गोळा झालेलं. एका टोकाला जरा गोल. ते लुगड्याचं आणि हातांचं हलणं आहे. बटण दाबून धरलं आणि समोरची वस्तू हलली तर फोटोत धूर उमटतो, हे मला कळतं, मी पोरांना शिकवूही शकेन. तरी मी तो फोटो पाकिटात पालथा ठेवून घरी आणला.

मायला दाखवायचा नव्हता. तिनं माझ्या खिशातून काढून घेतला. दाराशी उजेडात धरून पाहिला. मग बोट ठेवलं, चेहऱ्यावर नाही, मांडीवर.

"आला," एवढंच म्हणाली.

मी समजावलं. झडप, उजेड, पाढा, सगळं. ती मान हलवत राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "झालं तुह्यं? आता धाड त्याले."

दादा, मी भांडलो तिच्याशी. म्हटलं, हा फोटो धाडणं म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ चोळणं आहे. पुन्हा काढू, हवं तर मांडीवर उशी ठेवू. ती म्हणाली, "माह्याजवळ नातू हाय, हे त्याले दिसू दे. मी खाल्ला नाही त्याले. निजवून राहिली."

सोबत फोटो आहे. मांडीवर जे दिसतं ते हलणं आहे, दुसरं काही नाही. तू रेल्वेत यंत्रांवर काम करतोस, तुला पटेल. फक्त चेहरा पाहा आणि ये. तुझ्याकडे मी दुसरं काही मागत नाही.

शालीक


आमगाव
१६ मार्च १९५८

दादा,

तुझं पाकीट मिळालं. पत्ता धनवंता वहिनीच्या अक्षरात, आत चिठ्ठी नाही. फोटो परत. अर्धाच.

आधी वाटलं, तू फाडलास. मग नीट पाहिलं. कात्रीनं कापलेला आहे, सरळ, सावकाश, कडेला पट्टी धरून कापावा तसा. मायचा चेहरा आणि छाती माझ्याकडे आली. मांडी तू ठेवून घेतलीस.

मी तुला पत्र लिहायला बसलो होतो, ते आता चुलीत आहे. त्यात जे शब्द होते ते मोठ्या भावाला कुणी लिहू नयेत. जन्मदात्या आईचं तोंड टपालानं परत पाठवणारा माणूस माझ्या घरात जन्मला, याची मला लाज वाटली. तिला काय सांगू म्हणून मी ते पाकीट पोथीच्या फडक्यात दडवलं. पण माय दारातूनच पोस्टमनशी बोलली होती. संध्याकाळी हात पुढे करून म्हणाली, "दे."

दिला. काय करणार?

ती कापलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिली. मला वाटलं, आता कोसळते. पाणी आणायला उठलो.

"बस खाली," ती म्हणाली. "त्यानं पोराले ठेवून घेतलं ना?"

"हो."

"मंग रडून कायले राहिला? माहे हात बी त्याच्याजवळच राह्यले. पाहा." आणि खरंच, दादा, हात मांडीबरोबरच गेले आहेत. माझ्या ध्यानात आलं नव्हतं. "तोंड परत आलं त आलं. तोंडाचं मले काय काम?"

त्या रात्री ती पोटभर जेवली. मी नाही जेवलो.

त्यानंतर अंथरूण धरलं आहे. पाय सुजले आहेत. बोलताना मधेच थांबते. काल तिनं मला जवळ बसवून एक गोष्ट सांगितली आणि शपथ घातली, तीही लिहितो, म्हणजे पुढे तू मला दोष देणार नाहीस.

"मी मेली का उदेभानले तो कागद नोको टाकजो. एकदा रडला तो माह्या नावानं. त्याचं पोरगं गेलं त्यात. दुसऱ्यांदा त्याले तो कागद नाही भेटला पाह्यजे."

मी म्हटलं, माय, असं कसं? मोठा मुलगा आहे तो. "त्यानं केलं सारं माह्यासाठी," ती म्हणाली. "पयलेच करून देल्लं."

मी शब्द दिला आहे. तेव्हा नीट वाच. ते पत्र तुला कधी येणार नाही. ना कार्ड, ना तार, ना कुणाकडून निरोप. मनिराम काकाजींनाही बजावलं आहे. मात्र मी तुला लिहीत राहीन आणि प्रत्येक पत्रात तिचं काही ना काही असेल, काय खाल्लं, कशावरून मला बोलली. ज्या पत्रात तिचं काहीच नसेल, ते आलं की तू समजून घे. त्याहून जास्त मला करता येणार नाही.

आज तिनं दोन घास पेज घेतली आणि माझ्या दाढीवरून मला बोलली.

शालीक


आमगाव
१५ जून १९५८

दादा,

नमस्कार. वहिनीला नमस्कार सांग.

शाळेला सुटी आहे. धानाच्या बांधीत रोपांसाठी परे टाकायचे आहेत, आभाळ भरून येतं आणि देवरीकडे निघून जातं. काकाजी बियाणं देऊन गेले. त्यांचे गुडघे दुखतात.

चूल मीच पेटवतो. भात कधी कच्चा राहतो, कधी करपतो. अनुसयाबाई भाजी आणून देतात आणि ताटली परत न्यायला आल्या की थोडा वेळ ओसरीत बसतात. त्यांना त्यांच्या पोरांचा फोटो काढून हवा आहे. मी म्हटलं, याच कॅमेऱ्यानं काढीन, चालेल? त्या म्हणाल्या, चालेल.

घर मोठं वाटतं.

तुझा राग मी पुष्कळ केला. आता होत नाही. तू कात्री किती हळू चालवली होतीस, ते मला आता दिसतं.

त्या फोटोची फिल्म माझ्याजवळ आहे. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून कोरड्या तांदळाच्या डब्यात ठेवली आहे. छोटेलाल म्हणतो, नीट जपली तर तिच्यावरून हवे तेवढे फोटो निघतात. तुझ्याजवळचा तुकडा हाताळून मळला असेल तर लिही, तेवढाच पुन्हा काढून पाठवीन, कापावं लागणार नाही.

आणि दादा, आता अख्खा हवा असेल, तर तसं लिही.

तुझा
शालीक